आवाज फुटतो त्या वयात

नरकचतुर्दशीच्या पहाटे कितीतरी घरांत एक छोटीशी लढाई होते. पाट मांडलेला असतो, वाटीत तेल कोमट केलेले असते, उटण्याचा वास घरभर दरवळत असतो. आणि आजवर जो सर्वांच्या आधी पाटावर येऊन बसायचा, कारीट कोण फोडणार म्हणून धाकट्या बहिणीशी भांडायचा, तो चौदा वर्षांचा चिरंजीव दारातूनच म्हणतो, “मला तेल नको. माझी मी आंघोळ करीन.” आई हिरमुसते. आजी म्हणते, “अरे, तुला मांडीवर घेऊन न्हाऊमाखू घातलंय मी. माझी कसली मेल्या लाज?” वडील पेंगुळलेल्या आवाजात ओरडतात, “सणाच्या दिवशी नखरे नकोत. बैस मुकाट्यानं!” मग न्हाणीघराचे दार धाडकन लागते, आतून कडी सरकते, आणि फराळाच्या ताटावर सगळ्यांचे तोंड वळलेले.

किल्ल्याचेही तेच. गेल्या वर्षापर्यंत माती, पोती, अळिवाचे दाणे आणि मावळे यांच्यात आठ दिवस लोळणारा मुलगा यंदा म्हणतो, “मी काय लहान आहे का?” बरे, मोठा म्हणून बँकेत पाठवावे तर तिथेही जायला नको! भाऊबीजेला पाहुणे येतात. आत्या म्हणते, “अगंबाई, मिसरूड फुटलं की याला!” काका म्हणतात, “आवाज ऐकला का? फुटका बांबू!” सगळे हसतात. तो हसत नाही. उठतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो.

या पानाकडे वर्षभर जी पत्रे येतात त्यांत मुलींच्या आयांची पत्रे लांबलचक असतात आणि मुलग्यांच्या आयांची फार थोडक्यात. “पूर्वीसारखा बोलत नाही,” एवढाच त्यांचा मथितार्थ. वडिलांची पत्रे जवळजवळ नसतातच. म्हणून आजचे पान मुलग्यांविषयी लिहायचे ठरवले आहे, आणि ते वडिलांनी वाचावे अशी माझी फार इच्छा आहे. वडीलमंडळी दिवाळी अंकातली व्यंगचित्रे आधी पाहतात, मग राशिभविष्य, आणि मग अंक छातीवर ठेवून झोपतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा भगिनींनो, तुमचे वाचून झाले की हेच पान उघडे ठेवून अंक त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवा. वर काही बोलू मात्र नका.

मुलगा बोलेनासा होतो ही तक्रार खरी आहे. पण तो बोलेनासा होण्याच्या सुमारासच घरानेही त्याच्याशी एका मोठ्या विषयावर मौन धरलेले असते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो विषय म्हणजे त्याचा स्वतःचा देह.

या देहात जे चालले असते ते मिसरूड फुटण्याच्या बरेच आधी सुरू झालेले असते. नवव्या ते चौदाव्या वर्षाच्या दरम्यान केव्हा तरी मेंदूतून हुकूम सुटतो, वृषणे वाढू लागतात, आणि तेथून पुढे तीन-चार वर्षे सगळी उलथापालथ. ही पहिली खूण घरात कोणालाच दिसत नाही, फक्त त्याला दिसते. घरच्यांना दिसतात त्या चपला. जूनमध्ये शाळेसाठी घेतलेले बूट दिवाळीपर्यंत चावू लागतात आणि आई म्हणते, “अरे, पाय आहेत की काय आहेत!” त्याचे कारण असे की आधी पावले आणि पंजे वाढतात, मग हातपाय लांबतात आणि धड सर्वांत शेवटी येते. मधले वर्ष-दीड वर्ष हा प्राणी नुसता हातापायांचाच दिसतो. वाढ ऐन भरात असते तेव्हा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर उंची चढते. मग तो पाण्याचा पेला सांडतो, चौकटीला खांदा आपटतो, वाढलेल्या ताटावरून ढांग टाकताना आमटीत पाय घालतो. त्याला आपण ‘वेंधळा’ म्हणतो. पण ज्या हाताची लांबी कालपर्यंत त्याला पाठ होती तो हात आज जरासा लांब झालेला आहे, आणि मेंदूला हा नवा हिशेब अजून बसलेला नाही.

मुलींची ही वाढ साधारण दोन वर्षे आधी होते. सातवीच्या वर्गाचा फोटो काढून पाहा. मुली थोरल्या बहिणींसारख्या दिसतात आणि मुलगे त्यांचे बोट धरून आल्यासारखे. पण खुद्द मुलग्यामुलग्यांतही केवढा फरक असतो! जेम्स टॅनर या इंग्रज वैद्याने १९५५ साली पौगंडवयातील वाढीवर एक ग्रंथ लिहिला. त्याने सांगितलेले वाढीचे पाच टप्पे आजही डॉक्टर वापरतात. त्यातले मर्म असे की अशा मुलाचे वय नुसत्या जन्मतारखेवरून मोजता येत नाही. आठवीच्या एकाच बाकावर एक मिशावाला आणि एक गोबऱ्या गालांचा असे दोघे शेजारी बसलेले असतात. दोघेही चौदा वर्षांचे, दोघेही निरोगी.

त्या गोबऱ्या गालांच्या मुलाचे दुःख मात्र कोणी विचारीत नाही. क्रिकेटच्या संघात तो शेवटी निवडला जातो, कबड्डीत त्याला उचलून बाहेर टाकतात, आणि घरी आल्यावर आई कौतुकाने सांगते, “समोरच्यांचा बघ कसा ताडमाड झालाय!” ज्या मुलांची वाढ उशिरा सुरू होते ती बहुधा पुढे गाठतात, आणि पुष्कळदा बापाचेही तसेच झालेले असते. अशा वेळी बापाने सहज म्हणावे, “मी दहावीपर्यंत रांगेत पहिला उभा असायचो. कॉलेजात गेलो आणि वाढलो.” या एका वाक्याचा गुण टॉनिकच्या बाटलीला येणार नाही. अर्थात, चौदावे वर्ष संपत आले तरी वाढीची एकही खूण नाही, किंवा नवव्या वर्षाच्या आधीच सगळे सुरू झाले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. हे डॉक्टर अठराव्या वर्षापर्यंतची मुले पाहतात. अडचण एवढीच की भिंतीवरच्या ससे-हत्तींच्या चित्रांखाली, रडणाऱ्या तान्ह्या मुलांच्या रांगेत बसायला आपल्या चिरंजीवांना मरणप्राय लाज वाटते. तेव्हा आधी वेळ ठरवून, गर्दी ओसरल्यावर न्यावे.

आता आवाज. गळ्यातली स्वरपेटी मोठी होते, आतल्या स्वरतंतूंची लांबी व जाडी वाढते आणि आवाज खाली उतरतो. पण तो एका दिवसात उतरत नाही. काही महिने तो जिन्यावरून पाय घसरल्यासारखा वरखाली होतो. ज्या मुलाला फोनवर लोक कालपर्यंत “वहिनी, साहेब आहेत का?” विचारायचे, त्यालाच आज “साहेब” म्हणतात आणि वाक्याच्या मध्येच पुन्हा “वहिनी” करतात! स्नेहसंमेलनात दरवर्षी गाणारा मुलगा यंदा नाव देत नाही. वर्गात उत्तर येत असून हात वर करीत नाही, कारण उत्तर बरोबर आले तरी आवाजाला लोक हसणार. त्याच्या न बोलण्याचा काही भाग तरी इतका साधा असतो.

आणखी एक गोष्ट मुलगे कधीच सांगत नाहीत. या वयात साधारण निम्म्या मुलग्यांच्या छातीवर, एका किंवा दोन्ही बाजूंना, लहानशी दुखरी गाठ येते. देहातल्या संप्रेरकांचे प्रमाण मागेपुढे झाल्याने ती येते आणि बहुतेकांची वर्षा-दोन वर्षांत आपोआप जिरते. पण हे त्याला कोण सांगणार? त्याला वाटते आपण मुलगी होत चाललो, किंवा आपल्याला कर्करोग झाला. मग तो पोहण्याचा क्लास सोडतो, पाठीला पोक काढून चालतो, भर उन्हाळ्यात शर्टाच्या आत आणखी एक बनियन घालतो. आणि दिवाळीच्या पहाटे, घरच्या चार बायकांच्या देखत, उघड्या अंगाने तेल लावून घ्यायला पाटावर बसत नाही.

राहिली ती रात्रीची गोष्ट. झोपेत वीर्यस्खलन होणे, ज्याला आपल्याकडे स्वप्नावस्था म्हणतात, ते या वयात अगदी स्वाभाविक आहे. शरीर कामाला लागले एवढाच त्याचा अर्थ. पण ज्या मुलाला याची काहीच कल्पना नाही तो पहिल्यांदा मध्यरात्री जागा होतो तेव्हा काय भयंकर घाबरतो! अंथरुणात लघवी झाली असे वाटावे तर वय तेरा. रोग म्हणावा तर विचारायचे कोणाला? तो चादर गुंडाळून पलंगाखाली सारतो. सकाळी आईला ती सापडते. आई समजते, आणि गप्प राहते. किंवा न समजून कपाळाला आठ्या घालते. दोन्ही वेळा मुलगा एकच अर्थ काढतो, की आपल्या हातून काहीतरी घाणेरडे घडले आहे.

मुलीच्या बाबतीत निदान आता असे होत नाही. पहिल्या पाळीच्या आधी आई, मावशी, मोठी बहीण कोणीतरी चार शब्द सांगते. शाळेत बाई वर्ग घेतात. पुष्कळ शाळांत असा वर्ग असतो त्या तासाला मुलग्यांना मैदानावर खेळायला सोडतात. त्यांना वाटते आपली मजा झाली. मुलींना जे सांगितले त्यातले मुलग्यांना काही सांगितले नाही आणि मुलग्यांचे म्हणून जे आहे तेही सांगितले नाही. मोकळी जागा उरली, आणि मोकळी जागा कोणीतरी भरतोच.

पूर्वी ती भिंतीवरच्या जाहिरातींनी भरली. रेल्वे फलाटाच्या आसपास, एस. टी. स्टँडच्या मुतारीत, ‘गुप्तरोग’, ‘अशक्तपणा’, ‘लहानपणच्या चुका’ असले शब्द लिहिलेले ज्यांनी पाहिले नाहीत असे पुरुष महाराष्ट्रात थोडेच निघतील. वीर्याचा एक थेंब अमुक इतक्या रक्तापासून बनतो, तेव्हा तो गेला की आयुष्य गेले, हे गणित या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. ते सपशेल खोटे आहे. वीर्य रक्त आटवून होत नाही, ते सतत तयार होत असते. झोपेत ते गेल्याने किंवा हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, डोळ्यांखाली काळे येत नाही, स्मरणशक्ती जात नाही, पुढे संसार बिघडत नाही. परंतु भीतीने मात्र यांतले पुष्कळ काही होऊ शकते. झोप उडते, भूक मरते, अभ्यासात लक्ष लागत नाही आणि मुलाला वाटते, पाहा, भिंतीवर लिहिले होते तसेच झाले! डॉ. नरेंद्रनाथ विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली या भीतीच्या दुखण्याला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले, आणि आज जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत ते त्याच नावाने ओळखले जाते. आपल्या अज्ञानाची अशी कीर्ती झाली! असल्या औषधांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ सालीच झाला. भिंती मात्र अजून पुरत्या स्वच्छ झाल्या नाहीत.

या विषयावर मराठीत कोणी बोललेच नाही असे मात्र नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते एकहाती चालवले. गणिताचा हा प्राध्यापक शरीराविषयी गणिताइतक्याच कोरड्या, स्वच्छ भाषेत लिहीत असे. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी कर्वे हरले. पुढे त्यांच्यावर नाटके निघाली, चित्रपट निघाले, आपण तिकिटे काढून ते पाहिले आणि टाळ्या वाजवल्या. नाटकाहून घरी आल्यावर मुलाशी त्यातल्या एका वाक्यावर तरी किती जण बोलले, हे ज्याचे त्याने आठवावे.

आता भिंतीची जागा मुलाच्या खिशातल्या फोनने घेतली आहे. भिंतीवर चार शब्द असत, फोनमध्ये चित्रफिती आहेत. आपल्या मुलाने असले काही पाहिलेले नाही, तो तसला नाही, अशी ग्वाही देणाऱ्या आयांना मी काही म्हणत नाही. मी एवढेच म्हणते की त्याने पाहिले नसेल तर वर्गातल्या कोणी ना कोणी त्याला दाखवण्याचा घाट घातलेला असेल. फोन हिसकावून घेण्याने हा प्रश्न दुसऱ्याच्या फोनवर जातो. त्याला हे कळले पाहिजे की पडद्यावरचे ते सगळे पैशासाठी रचलेले असते. त्यात माणसे एकमेकांशी जशी वागतात तशी खऱ्या आयुष्यात वागत नाहीत, वागू नयेत, आणि समोरच्या मुलीने ‘नको’ म्हटले की त्याचा अर्थ ‘नको’ असाच असतो. हे आईने सांगितले तर फारच चांगले, कारण ‘नको’ म्हणजे काय हे तिला अधिक ठाऊक असते.

येथे कायद्याचेही दोन शब्द सांगायला हवेत. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ साली झाला. त्यात अठरा वर्षांच्या आतल्या कोणाचीही संमती धरली जात नाही. मुलगा सतरा वर्षांचा, मुलगी सोळा वर्षांची, दोघे म्हणतात आमचे प्रेम आहे. तरी पोलीस ठाण्यात त्याचे नाव गुन्हेगार म्हणून लिहिले जाऊ शकते. वर्गातल्या मुलीचे तसले छायाचित्र मित्राला पुढे पाठवणे हाही गंभीर गुन्हा आहे, मग ‘गंमत म्हणून’ पाठवले असो की ‘मला आलं म्हणून’. हे मुलाला ठाऊक नसते आणि बापालाही नसते.

याच कायद्याची दुसरी बाजू आपण विसरतो. तो मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या मुलांनी आपल्यावर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, त्यांत निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. पुन्हा वाचा, मुलगे. मुलीला आपण शंभरदा बजावतो की कोणाच्या घरी एकटी जाऊ नको, कोणी अंगाला हात लावला तर सांग. मुलग्याला कोण बजावते? त्याला आपण शिकवलेले असते, “मुलगा असून रडतोस काय?” मग शिकवणीच्या, तालमीच्या किंवा नात्यातल्या माणसाने छळले तरी तो येऊन सांगणार कोणत्या तोंडाने? ज्या घरात शरीराविषयी एक साधा शब्द उच्चारला गेला नाही, त्या घरात हा कठीण शब्द पहिल्यांदा मुलानेच उच्चारावा, ही अपेक्षा फार मोठी आहे.

तर बोलायचे कसे? समोरासमोर बसवून, घसा खाकरून, ‘आज तुझ्याशी एका महत्त्वाच्या विषयावर बोलायचे आहे’ अशी सुरुवात केलीत तर मुलगा खिडकीतून उडी टाकील. पुरुष शेजारी शेजारी असताना बरे बोलतात. स्कूटरवर, भाजी आणायला जाताना, रात्री शतपावली घालताना, सायकलची चेन बसवताना, एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही अशी कोणतीही वेळ चांगली. आणि प्रश्न विचारू नये. स्वतःचे सांगावे.

“मी आठवीत होतो ना, तेव्हा एकदा सकाळी उठलो तर चड्डी ओली. मला वाटलं, झालं, आता आपण मरतो.”

“बाबा! काय हे!”

“अरे, मला कोणी सांगितलंच नव्हतं. होतं तसं सगळ्यांना. तुलाही होईल, झालंही असेल. तो रोग नाही, एवढं लक्षात ठेव.”

“बरं.”

“आणि काही विचारावंसं वाटलं तर मला विचार. मला नाही आलं तर डॉक्टरांना विचारू.”

“हं.”

या ‘हं’वर समाधान मानावे. मुलाने तेथेच गळ्यात पडावे अशी अपेक्षा करू नये. तो मान फिरवून दुकानांच्या पाट्या वाचत चालेल, पण ऐकलेले असते. दोन महिन्यांनी, तुम्ही दाढी करीत असाल तेव्हा, आरशातून बघत तो काहीतरी भलतेच विचारील. त्या वेळी हसू मात्र नका, आणि तो प्रश्न जेवताना सगळ्यांना सांगू नका. एकदा सांगितलात की दुकान बंद.

ज्या घरात वडील नाहीत, किंवा परगावी आहेत, किंवा आहेत पण त्यांच्या तोंडून हे शब्द या जन्मी निघणार नाहीत, त्या घरात मामाला सांगावे. मराठी घरात मामा ही या कामासाठी फार सोयीची जागा आहे. तो घरचा असतो आणि घरात नसतो. घरचे डॉक्टर असतील तर त्यांनाही आधी सांगून ठेवून मुलाला एकट्याला आत पाठवावे. कोणीच नसेल तर आईने बोलावे. आईने बोलू नये असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. फक्त ते दहाव्या-अकराव्या वर्षीच सुरू करावे, कारण तेराव्या वर्षी तो लाजेल आणि दहाव्या वर्षी तो नुसता “हो का?” म्हणून पुन्हा खेळायला पळेल.

बाकीच्या तक्रारी मी थोडक्यात उरकते. सकाळी उठत नाही ही प्रत्येक घरची. या वयात झोप आणणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा वाढू लागते, त्यामुळे दहा वाजता त्याला झोप येतच नाही, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. सकाळची शाळा आणि वर शिकवणी असलेल्या मुलाची झोप कोठून पुरी होणार? त्याला ‘कुंभकर्ण’ म्हणण्याआधी हा हिशेब मांडून पाहावा. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवावा. सगळ्यांचे फोन, वडिलांचाही. सारखा खातो ही तक्रार तर मी तक्रार समजतच नाही. पोळ्या दोन जास्त कराव्यात. उलट उत्तरे देतो, एवढ्यातेवढ्यावरून भडकतो, याचे कारण असे की मेंदूचा जो पुढचा भाग विचार करून लगाम घालतो त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते.

पण वय समजून घ्यायचे म्हणजे सगळे चालवून घ्यायचे असे नव्हे. आजकालचे काही आईबाप पुस्तके वाचून इतके समजूतदार झाले आहेत की मुलगा आईला वाटेल तसे बोलला तरी ‘वय आहे’ म्हणून गप्प बसतात. लगाम त्याचा कच्चा असतो म्हणूनच तो काही काळ आपण धरायचा. स्कूटरची किल्ली घ्या. मित्र मागे बसला की या वयातला मुलगा एकट्याने चालवताना करणार नाही ते धाडस करतो. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात असे आहे की अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तेव्हा ‘कोपऱ्यावरच जाऊन येतो’ला ‘नाही’ म्हणावे आणि त्यानंतरचे फुरंगटणे सोसावे.

चिडचीड आणि उदासी यांतला फरकही ओळखायला हवा. चिडणारा मुलगा दार आपटतो, आणि तासाभराने काय केलंय खायला म्हणून विचारत येतो. उदास मुलगा येत नाही. मित्र सोडले, खेळ सोडला, जेवण अर्ध्यावर टाकतो, झोप नाही किंवा झोपेतून बाहेरच येत नाही, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चालले, तर त्याला वयाचे लक्षण समजू नये. ‘मी नसलो तर बरं होईल’ असे वाक्य एकदा जरी ऐकू आले तरी त्याला नाटक म्हणू नये. त्याला सरळ विचारावे, जवळ बसावे, त्या दिवशी एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. क्रमांक फ्रीजवर चिकटवून ठेवावा. लागला नाही तर आनंदच आहे.

शेवटी एका प्रश्नाचे उत्तर देते, कारण तो निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा येतो. मुलाच्या खोलीत जाताना दार ठोठवायचे का? ठोठवायचे. पण खरी पंचाईत आहे ती खोलीच नसलेल्या घरात. दोन खोल्यांत पाच माणसे, मुलगा बाहेरच्या खोलीत दिवाणावर, शेजारी आजोबा. तेथे ठोठवायला दार कोठून आणायचे? अशा घरात त्याला कपाटातला एक खण द्यावा आणि तो कोणी उघडू नये. न्हाणीघरात पंधरा मिनिटे लागली तर बाहेरून हाका मारू नयेत. त्याचा टॉवेल, त्याचे अंथरूण वेगळे असावे. आणि त्याचे कपडे व चादर त्याची त्याला धुवायला शिकवावी. यंत्र असेल तर यंत्रात, नसेल तर बादलीत. पहिल्या खेपेला पांढऱ्या बनियनांना निळा रंग लागेल, वडिलांच्या ऑफिसच्या शर्टालाही लागेल. लागू द्यावा. धुणे हे बायकांचे काम नव्हे हे त्याला पुढे संसारात उपयोगी पडेलच, पण आज निदान सकाळी पलंगाखालून चादर कोणी काढायची आणि कोणी कोणाकडे पाहायचे, हा प्रश्न उरणार नाही.